जागा उजव्या हाताला घ्या

ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग खालून धरायचं, हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरची शेपूट जाते, हा नेहमी मिळणारा सल्ला अगदी बरोबर. पण त्यासोबत सांगितलं जाणारं 'ट्रेलर लावायची जागा डाव्या हाताला ठेवून रिव्हर्स घ्या' इथे भारतात चालणार नाही. ते अमेरिकन व्हिडिओंतून आलंय, तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपण उजवीकडे बसतो. शेपूट उजवीकडे वळली तर खिडकीतून डोकं काढून मागची चाकं दिसतात. डावीकडे वळली की उजव्या आरशातून ट्रेलर गायब, आणि डाव्या खिडकीतून काय डोकं काढणार?

तुर्भे एमआयडीसीत आमच्या गल्लीत 40 फुटी कंटेनर येतात तेव्हा बघा. गेट डावीकडे असेल तर जुने ड्रायव्हर सरळ पुढे जाऊन गाडी फिरवून आणतात, म्हणजे गेट उजवीकडे येतं. मग गेट ओलांडून पुढचं तोंड डावीकडे काढायचं, ट्रेलर तिरका झाला की मागे. रस्ता पूर्ण अडतो, रिक्षावाले हॉर्न बडवतात, क्लीनर त्यांना थोपवून धरतो. बडवू देत.

कॅरॅव्हॅनला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या छोट्या फिरत्या घराला, मात्र एक फरक. हुकपासून चाकांपर्यंतचं अंतर जितकं कमी, तितका ट्रेलर झटकन वळतो आणि घडी व्हायलाही (गाडी आणि ट्रेलर एकमेकांवर दुमडायलाही) वेळ लागत नाही. लांब कंटेनर आळशी असतो, सावरायला वेळ देतो. छोट्याला स्टिअरिंग थोडंथोडंच द्या, आणि कोन वाढतोय वाटलं की मागे रेटत न बसता दोन मीटर पुढे घेऊन सरळ करा.