जुन्या टेबल सॉला रायव्हिंग नाइफ बसवता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सावंतवाडीजवळ माझ्या काकांचा सुतारकामाचा छोटा कारखाना आहे. फणस, आंबा, सागवान चिरायला फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला टेबल सॉ (टेबलाच्या फटीतून गोल फिरतं पातं वर आलेलं करवतयंत्र) वापरतात. लोखंडी फ्रेम, खाली पट्ट्यावर चालणारी मोटर, १० इंची कार्बाइडचं पातं. वर झाकण नाही, पात्यामागे काही नाही. मध्यंतरी ओलसर फणसाची फळी चिरताना ती उलटी उसळली आणि कारागिराच्या पोटावर बसली. तो आता बरा आहे, पण त्या यंत्रावर त्याला पुन्हा असंच उभं करायला माझं मन धजत नाही.

शोधताना आधी सॉस्टॉप सापडला, म्हणजे बोट लागताच पातं थांबवणारा टेबल सॉ. स्टीव्ह गॅस या अमेरिकन माणसाची ही कल्पना १९९९ची, यंत्रं २००४ पासून विकली जातात. पात्यात बारीकसा विद्युत संकेत खेळवलेला असतो. बोट लागलं की तो बदलतो, एक फ्यूज तार जळते, तिने रोखून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या पात्यात घुसतो. ५ मिलिसेकंदांच्या आत पातं थांबून टेबलाखाली जातं. बोटाला बहुतेक वेळा नुसता ओरखडा! नंतर ब्रेकचं कार्ट्रिज आणि बहुधा पातंही बदलावं लागतं, पण बोटापुढे त्याची काय किंमत?

तरी आमचं भागत नाही. किंमत आवाक्याबाहेर आहेच, शिवाय ओल्या लाकडातूनही वीज वाहते, त्यामुळे ब्रेक विनाकारण सुटू शकतो. ओलं लाकूड कापायला ती यंत्रणा बंद ठेवायची सोय आहे, पण मग संरक्षणही बंद. आणि मुख्य म्हणजे, आमच्याकडे पातं कुणाच्या कातडीला लागलंच नव्हतं. लागली ती फळी.

म्हणून विचारते, फळी उसळू नये यासाठी पात्यामागे जी पट्टी लावतात, तो रायव्हिंग नाइफ जुन्या टेबलावर बसवता येतो का? जाडी किती ठेवायची?

प्रतिसाद १

ताई, योग्य जागी बोट ठेवलंत. फणसासारख्या लाकडातला ताण चिरताना सुटतो, चीर मागून मिटते आणि पात्याला आवळते. पात्याचे मागचे दात वर येत असतात, ते फळी उचलून माणसाच्या दिशेने फेकतात. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. रायव्हिंग नाइफ ही पात्यामागची पोलादी पट्टी. ती चीर मिटू देत नाही आणि फळी मागच्या दातांवर सरकू देत नाही.

जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त, दातांच्या रुंदीपेक्षा कमी. पत्रा १.८ मिमी आणि दात २.६ मिमी असतील तर २.२ मिमी चालेल. दातांपासून अंतर ३ ते ८ मिमी, आणि वरचं टोक पात्याच्या टोकाच्या किंचित खाली. पट्टी पात्याच्या अगदी रेषेत हवी, नाहीतर फळी तिथेच अडेल.

आता मला सांगा, उंची बदलताना तुमच्याकडे पातं हलतं की टेबल? टेबल हलत असेल तर पट्टी टेबलाला वेल्ड करू नका. शाफ्टच्या बेअरिंग ब्लॉकला (पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या ठोकळ्याला) धरून बसवा, म्हणजे पात्यापासूनचं अंतर कायम राहील.

प्रतिसाद २

पट्टी बसली तरी झाकण हवंच. पट्टी उसळी रोखते, बोट रोखत नाही. अरुंद तुकडा असेल तर ढकलायला लाकडी काठी वापरा. हातमोजे मात्र नकोत, पात्यात अडकले तर हात ओढून नेतात. आणि मोटरला साधं बटण असेल तर डीओएल स्टार्टर (वीज गेली की स्वतःच सुटणारा मोटरचा स्विच) लावून घ्या. कोकणात वीज कधी जाते, कधी येते सांगता येत नाही. स्टार्टर असला की वीज परत आल्यावर पातं आपोआप फिरू लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आमच्याकडे टेबलच हलतं, पातं जागेवर असतं. स्टार्टरसाठी वायरमनशी आजच बोलते. पट्टीचं माप घ्यायला फॅब्रिकेटर येईल तेव्हा बेअरिंग ब्लॉकचे फोटो इथे टाकते. बोल्टची भोकं कुठे पाडायची तेवढं बघून सांगाल का?