मच्छरदाण्या कुठल्या घ्याव्यात? (तातडीने मदत हवी आहे)

दादरकर: मंडळाचे गणपतीतले पैसे उरलेत. पोरांसाठी ८० मच्छरदाण्या घ्यायच्या आहेत. क्रॉफर्ड मार्केटात प्रत्येक जण वेगळंच सांगतो. साधी की औषधवाली? शनिवारी पार्सल निघतंय, लवकर सांगा.

सुमी_घाटकोपर: कुठली पोरं? मुंबईतली असतील तर आधी गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघा. इथला मलेरियाचा डास टाकीतल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

अण्णा६२: मच्छरदाणी कशाला? संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. आमच्या लहानपणी मलेरिया ऐकलासुद्धा नव्हता.

चहाटळ: तेव्हा त्याला हिवताप म्हणायचे, अण्णा.

मीनल: पपईच्या पानांचा रस द्या. प्लेटलेट वाढतात म्हणे.

चहाटळ: वहिनी, ती पपई डेंग्यूच्या धाग्यावर.

दादरकर: अहो, गडचिरोलीला, भामरागडकडे पाठवायच्या आहेत. लिहिलं नाही का मी?

सुमी_घाटकोपर: नाही.

निवृत्त_आरोग्यसेवक: औषधवालीच घ्या. तिच्यावरचं डास मारणारं औषध साधारण ३ वर्षं किंवा २० धुण्यांपर्यंत टिकतं. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. पण तिकडे सरकारी वाटप होतं, आधी चौकशी करा. आणि पोरं झोपतात कशी?

राहुल_एम: लसच टोचून टाका ना! पुण्यात बनते.

निवृत्त_आरोग्यसेवक: बनते, पण दिली जाते आफ्रिकेत. आपल्या लसीकरणाच्या तक्त्यात नाही.

दादरकर: तिथल्या शिक्षक मित्राला फोन केला. सरकारी मच्छरदाण्या आहेत म्हणे घरोघरी, पण पेटीत, कोऱ्या घडीत. मळतील म्हणून काढत नाहीत. एका घरी तर कोंबडीच्या पिल्लांवर टाकलीय. पोरं चटईवर ओळीने झोपतात, वर बांधायला काही नाही.

चहाटळ: पिल्लांना मलेरिया नाही, हे नक्की.

निवृत्त_आरोग्यसेवक: मग नव्या नकोतच. खिळे आणि दोरी पाठवा. दोघा-तिघांत एक, कडा चटईखाली खोचलेल्या. हा डास रात्रीचा चावतो. आणि मित्राला सांगा, पोर तापलं की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्यायचं, गोळ्यांचा कोर्स अर्ध्यात सोडायचा नाही. तिकडे फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार, फार; तो मेंदूत जाऊ शकतो.

अण्णा६२: दोरी नायलॉनची घ्या. सुतळी उंदीर खातात.

दादरकर: हे पटलं. किती मीटर लागेल?

सुमी_घाटकोपर: घरं किती?

दादरकर: ते विचारायचं राहिलं. थांबा, फोन करतो.