यजमानांचा खोकला आणि माझी झोपमोड

प्रश्न : यजमानांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. पहाटे कफ सुटेपर्यंत त्यांचा खोकला थांबत नाही आणि झोप न झाल्याने मी दिवसभर त्यांच्यावरच चिडते. काय करावे?

उत्तर : खोकला दाबणारे औषध परस्पर देऊ नये, कारण साठलेला कफ बाहेर पडणे आवश्यक असते. फिजिओथेरपिस्टकडून ‘हफिंग’ शिकून घ्यावे; तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा श्वास जोराने सोडला की कफ कमी श्रमात वर येतो.

उत्तर : कफाचा रंग बदलला किंवा धाप वाढली, तर डॉक्टरांना त्वरित कळवावे, रक्त दिसल्यास तर थांबूच नये.

उत्तर : काही रात्री वेगळ्या खोलीत झोपावे. आम्ही तसेच करतो, आणि (नातेवाईक काहीही म्हणोत) त्यामुळे सकाळी एकमेकांशी धड बोलता येते.