कामाचा ताण, वाढलेला रक्तदाब आणि मंदावलेले काम: सुरुवात कोठून करावी?

घोडबंदरकर

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका क्लायंटचे काम आले, तेव्हापासून दिवसाचे दोन दिवस झाले आहेत. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत इथल्या टीमचे काम असते, आणि घरी पोहोचून जेवायला बसतो न बसतो तोच तिकडचे कॉल सुरू होतात, ते अनेकदा रात्री साडेअकरापर्यंत चालतात.

कंपनीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब १४८/९६ निघाला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगितले आणि पुढच्याला बोलावले. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, मग डोक्यात कामाचेच चक्र सुरू होते. पित्ताचा त्रास आहेच. मात्र मला अधिक खुपते ते कामाचे मंदावणे: एकच ईमेल तीन-तीनदा वाचावा लागतो आणि बैठकीत बोलताना नेमका हवा तो शब्द आठवत नाही. मॅनेजरांचे म्हणणे असे की दबाव असल्याशिवाय माणूस चांगले काम करत नाही. घराचा हप्ता चालू असल्यामुळे नोकरी सोडणे सोपे नाही. हे परिणाम भरून येतात का, आणि आधी डॉक्टरांकडे जावे, मॅनेजरांशी बोलावे की दुसरी नोकरी शोधावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाचपाखाडीचा डॉक्टर

शिबिरातल्या एका आकड्यावरून उच्च रक्तदाबाचे निदान करू नये, पण तो आकडा विसरूनही जाऊ नये. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्या, मनगटावरचे नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम टाळा, पाठ टेकून व पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा, आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीला राहील अशा बेताने मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्या. असे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ करा. पहिल्या दिवसाच्या नोंदी सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पट्टा आवळत असताना मेसेज वाचणारे रुग्ण मी रोज पाहतो, आणि त्या नोंदीला काही अर्थ नसतो.

आता पहाटे जाग येण्याविषयी. संकटाची चाहूल लागली की मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रिनलिन काही सेकंदांत आणि कॉर्टिसॉल काही मिनिटांत, अशी ताणाची दोन संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी वाढते, रक्तातील साखर चढते आणि पचन मागे पडते. पळायचे किंवा झुंजायचे असेल तर ही तयारी उपयोगाची असते; लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला यांपैकी काहीच करायचे नसते. कॉर्टिसॉलची पातळी एरवी मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते आणि उत्तररात्री चढू लागून जाग येण्याच्या सुमारास शिखरावर जाते. साडेअकरापर्यंत वादावादीचा कॉल झाला, तर शरीर जागेच असताना आपण अंथरुणावर पडतो, आणि मग ही चढण सुरू होताच झोप मोडायला फारसे निमित्त लागत नाही. अपुऱ्या झोपेचा पहिला फटका एकाग्रतेला आणि तात्पुरत्या स्मृतीला बसतो. तुमचे ‘शब्द आठवत नाही’ हे बरेचसे त्यातले असावे. झोप सावरली की ते बहुधा सुधारते. रक्तदाब मात्र आपोआप उतरेल असे गृहीत धरू नका.

दुसरे असे की सगळे ताणाच्या खात्यावर टाकू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर एकदा तपासून घ्या. झोपेत मोठ्याने घोरत असाल आणि मध्येच श्वास अडकतो असे घरच्यांनी सांगितले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या विकाराने रक्तदाब वाढतो आणि दिवसा डोकेही जड राहते. चालताना छातीवर दाब येणे, त्याबरोबर घाम किंवा डाव्या हातात कळ, हे ‘पित्त’ समजून अँटासिडवर निभावू नका. त्याच वेळी ईसीजी काढायला जा. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात संकोच नसावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

सीवूड्स_ईस्ट

डॉक्टरसाहेबांच्या सल्ल्याला काही जोडावेसे वाटते. मी बरीच वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले आहे, आणि ताणाची चर्चा कर्मचाऱ्याच्या शरीरापाशी सुरू होऊन तिथेच संपते, ही माझी जुनी तक्रार आहे. कंपनी कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर योगवर्ग भरवते आणि त्याच संध्याकाळी सातला बैठक लावते. प्राणायामाने झोप सुधारेल, पण कॉलची वेळ काही बदलणार नाही.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी आहे. नुसते काम जास्त असणे हे मुख्य दुखणे नाही. काम जास्त आणि ते कसे, केव्हा, कोणाकडून करून घ्यायचे यावर आपला अधिकार मात्र नाही, ही जोडी माणसाला खचवते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासांतही कामावर कमी नियंत्रण असलेल्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे दिसले. साहेबाला हार्ट ॲटॅक येतो आणि कारकून सुखाने झोपतो, हा समज तिथे साफ खोटा ठरला. तासांचाही हिशेब आहेच: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. सकाळी दहा ते रात्री साडेअकरा यातून प्रवास आणि जेवण वजा करून आपली बेरीज आपणच करून पाहावी.

मॅनेजरांच्या ‘दबाव हवाच’ या मताला यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ मधील प्रयोगाचा आधार देण्याची पद्धत आहे: दबाव एका मर्यादेपर्यंत वाढला की काम सुधारते. तो प्रयोग उंदरांवर होता, आणि काम जितके अवघड तितका कमी दबाव उत्तम, हे त्यातले उरलेले अर्धे वाक्य व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात सहसा सांगितले जात नाही. संगणकप्रणालीतील दोष शोधणे हे अवघड कामच आहे.

म्हणून मॅनेजरांशी बोलावे, पण ‘मला ताण येतो’ असे म्हणून नव्हे. पंधरवड्यातील सर्व रात्रीच्या कॉलचा तक्ता करा: कॉल कशासाठी होता, त्यात आपल्या बाजूने कोण बोलले, निर्णय कोणता झाला आणि तोच निर्णय ईमेलवर होऊ शकला असता का. तक्ता समोर ठेवला की चर्चा तुमच्या सहनशक्तीवरून कॉलच्या गरजेवर येते. मग नेमके मागा. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, म्हणजे साडेसहा ते साडेआठ ही वेळ दोन्हीकडे सोयीची आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे तासभर मागे जातात आणि आपले कॉल कोणाला न विचारता तासभर पुढे सरकतात. ही सरक थांबवून घ्या, आणि त्यानंतरचे कॉल टीममधील दोघा-तिघांत पाळीने वाटून द्या.

रबाळे_शिफ्ट

मी रबाळे एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. वरचा तक्ता चांगला आहे, पण कागदावर. आमच्या ओळखीतल्या एकाने असेच काही लिहून दिले आणि अप्रेझलच्या वेळी ‘जबाबदारी घ्यायला तयार नाही’ असा शेरा त्याच्या नावावर पडला. तेव्हा आधी बाजारात आपली किंमत काय आहे ते पाहून ठेवावे, दोन ठिकाणी मुलाखती द्याव्यात आणि मगच बोलावे. हातात दुसरे काही असले की आवाज आपोआप शांत राहतो.

ताणाचा विषय निघाला की सगळे कार्यालयातल्या लोकांचेच बोलतात, म्हणून आमच्याकडचेही सांगतो. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखा चुकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आमच्याकडे अशा अवस्थेत कोणी व्हॉल्व्ह उघडला तर लगेच कळते. तुमच्याकडे ती चूक महिनाअखेरीच्या अहवालात निघते, एवढाच फरक. शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकत गेली तर शरीर लवकर जुळवून घेते, उलट क्रमाने गेली तर हाल होतात. तुमची टीम पाळ्या लावणार असेल तर एवढे लक्षात ठेवा की रात्री उशिरा कॉल घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा येऊ दिले पाहिजे. नाहीतर ती पाळी कसली, ती शिक्षाच.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. रक्तदाबाचे यंत्र मागवले आहे. तक्त्याची कल्पना पटली, आणि रबाळेकरांची धास्तीही मनात आहेच, त्यामुळे दोन्ही गोष्टी बरोबरच सुरू करीन. आणखी दोन शंका आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो तर ते कंपनीला कळते का, आणि विम्याच्या कागदांवर त्याची नोंद नडते का? डॉक्टरसाहेबांना विचारायचे ते असे की कॉल टळेपर्यंत रात्रीचे जेवण आणि झोप यांचे काय करावे?

सीवूड्स_ईस्ट

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधील कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. कंपनीने नेमलेल्या समुपदेशकाकडे जाणार असाल, तर कंपनीकडे कोणता अहवाल जातो हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या. कलम २१ प्रमाणे शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांना भाग आहे. मात्र बहुतेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च मिळतो, बाहेरच्या बाहेर घेतलेल्या सल्ल्याची फी मिळत नाही. नवीन पॉलिसी घेताना चालू उपचार लपवू नयेत, कारण दावा तिथेच अडतो.

रबाळेकरांचे म्हणणे मी खोडणार नाही, असे शेरे पडतात. म्हणूनच तक्ता तोंडी न देता ईमेलने द्यावा आणि त्यात स्वतःच्या प्रकृतीचा उल्लेख टाळून क्लायंटच्या कामाचा वेग हाच मुद्दा ठेवावा.

पाचपाखाडीचा डॉक्टर

जेवण कॉलच्या आधी घ्या, मग ते साडेसातला ऑफिसच्या डब्यातले असले तरी चालेल. कॉल संपल्यावर पोटभर जेवून लगेच आडवे होणे हे तुमच्या पित्ताचे एक उघड कारण दिसते. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास हवेत. कॉलनंतर भूक लागलीच तर थोडे दूध-पोहे खा. मिसळ, भजी आणि वेफर्स नकोत, आणि रक्तदाबाचा निकाल लागेपर्यंत लोणचे-पापडही जेवणातून काढा. कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दुपारी चारनंतरचा चहा-कॉफी बंद ठेवा. कॉल संपल्यावर उद्याची कामे पाच मिनिटे कागदावर लिहून काढा, मोबाइलवर नव्हे. ज्यांना पहाटे कामाचे चक्र छळते अशा बऱ्याच जणांना याने झोप लवकर लागते. जाग आलीच तर घड्याळ पाहू नका, आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही असे वाटले तर उठून मंद प्रकाशात खुर्चीवर बसा, झोप आल्यावरच परत जा.

सकाळी कचराळी तलावाभोवती किंवा सोसायटीच्या आवारात उजेडात अर्धा तास चाला, पण रात्री साडेअकरापर्यंत जागे राहून त्यासाठी पाचचा गजर लावू नका. सध्या तुम्हाला व्यायामापेक्षा झोपेची गरज अधिक आहे. आठवड्याच्या नोंदी इथे टाकल्यात तरी चालतील, मात्र १८०/१२० च्या वर नोंद आली आणि त्याबरोबर तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा छातीत दुखणे असेल, तर इथे न लिहिता थेट रुग्णालय गाठा.