डॅशबोर्डवरचा दिवा लागला, तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

गाडीत एखादा दिवा पेटला की बसलेल्यांत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो गॅरेजपर्यंत जाईल रे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती, एवढं सगळ्यांना पाठ असतं. तरी ऐन रस्त्यात डोकं चालत नाही. म्हणून हा धागा. गाडीसोबतचं पुस्तक इथे उतरवू नका, घडलेलं लिहा. कंपनीची आणि गॅरेजची नावं मात्र नकोत.

रत्नागिरीहून
आंबा घाट उतरून साखरप्याला पोचायच्या आत खड्ड्यात खालून खणकन काहीतरी लागलं. जरा वेळाने लाल किटली पेटली. मामा चालवत होते. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंदच केलं. वाकून पाहिलं तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) फुटलेला, ऑइलची धार लागलेली. मी म्हटलं, "मामा, साखरपा दोन मिनिटांवर आहे." ते म्हणाले, "त्या दोन मिनिटांतच बेअरिंगं जातात."
गाडी ओढून न्यावी लागली, अख्खी दुपार गेली. पण चेंबर आणि नवं ऑइल एवढ्यावर भागलं. किटली पेटते ती ऑइलचा दाब पडल्यावर, म्हणजे आत लोखंडावर लोखंड घासायला लागतं. या एका दिव्याला "हळूहळू नेऊ" हे उत्तरच नाही.

नाशिकहून
मे महिना, कसारा घाट, पुढे ट्रकची रांग. थर्मामीटरचा दिवा लाल झाला. एसी बंद, हीटर फुल (हो, मे महिन्यात! इंजिनाची उष्णता आत ओढली जाते), जागा मिळताच गाडी बाजूला, बोनेट वर. एक भला माणूस फडकं घेऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायलाच आला, त्याला हात धरून थांबवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की तोंडावरच येतं. गाडी गार व्हायला बराच वेळ लागला. निघालं काय, तर पंख्याचा फ्यूज उडालेला.

पुण्याहून, डिझेलवाले
२०२० नंतरची बीएस-६ गाडी, रोजचं जाणं-येणं कोथरूड ते डेक्कन. डीपीएफचा पिवळा दिवा लागणारच. धुराची काजळी अडवणारी ती जाळी गरम झाल्याशिवाय साफ होत नाही, आणि कर्वे रोडवर ती गरम कुठून होणार? रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर एका वेगात वीसेक मिनिटं नेली, दिवा गेला. वर खंडाळ्यात चहा झाला तो वेगळा.

पिंपरीहून, वरच्यांना
हे खरं, पण दिवा नुसता पिवळा असेपर्यंतच. जोडीला चेक इंजिन (इंजिनातल्या बिघाडाचा दिवा) लागलं की पळवून भागत नाही. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून काजळी जाळून घ्यावी लागते. आमच्याकडे तेच झालं.

न्यू जर्सीहून
इथे पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो, स्वतः भरायला कायद्याने बंदी. एकाने झाकण नीट आवळलं नाही आणि चेक इंजिन लागलं, कारण इथल्या गाड्या टाकीतून वाफ सुटते का तेही तपासतात. झाकण टक् टक् वाजेपर्यंत फिरवलं. दिवा लगेच जात नाही हं, काही दिवस चालवल्यावर आपोआप गेला. आणि थंडीच्या पहिल्या गारठ्यात टायरचा दिवा लागला तर आधी हवा बघा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो.

ठाण्याहून
पावसाळ्यात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि चेक इंजिन, दोन्ही दिवे एकदम. उंदीर! वायरी कुरतडलेल्या. एबीएस गेलं तरी साधा ब्रेक लागतो, म्हणून सावकाश नेली. पण चेक इंजिन लुकलुकत असेल तर चालवू नका. मिसफायर झालं, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटलं नाही, की ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) वाट लावतं, आणि तो भाग भलताच महाग.

सावंतवाडीहून
बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरीच गेली असं नसतं, बऱ्याचदा चार्जिंग बंद झालेलं असतं. बांद्याजवळ रात्री लागला आणि पाठोपाठ स्टिअरिंग जड झालं. बेल्ट तुटला होता. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो, तेव्हा तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.

कोल्हापूरहून
माझा अनुभव न लागलेल्या दिव्याचा. जुनी गाडी बघायला गेलो. किल्ली ऑन केली, इंजिन चालू केलं नाही. तेव्हा इशाऱ्याचे दिवे लागायला हवेत. चेक इंजिनचा लागलाच नाही. मालक म्हणतो, "बघा, एकही फॉल्ट नाही." सोबतच्या फिटरने खिशातला स्कॅनर लावला, तर कोडची रांग. दिवाच काढून ठेवलेला. चहा आला होता तो पिऊन निघालो.