६६ ची पेट्रोल जीप : इंजिन बांधू का डिझेल बसवू? (सोलापूर)

उंच_बॉनेट
नमस्कार मंडळी. घरी वडलांची १९६६ ची महिंद्रा जीप आहे, सीजे थ्री बी, ती उंच बॉनेटवाली. इंजिन ओरिजनल पेट्रोल हरिकेन. पाच-सहा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, बॅटरी लावली तर चालू झाली पण निळा धूर एवढा की शेजारच्या काकू म्हणल्या डास मारायची गाडी आली का. गरम झाल्यावर आयडलला ऑईल प्रेशरचा काटा झोपतो. आणि परवा तुळजापूरला निघालो तर घाट लागायच्या आधीच पाणी उकळलं, लिंबाखाली तासभर बसलो, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी होती म्हणून निभावलं. मिस्त्री म्हणतो ह्याच्यावर कशाला पैसा घालताय, भंगारातून एमएम ५४० चं, म्हणजे महिंद्राच्याच नंतरच्या जीपचं, डिझेल इंजिन आणतो, आठ दिवसात बसवून देतो. वडील म्हणतात इंजिन बदलायचं असेल तर जीपच विकून टाक. मला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी रस्त्यावर आणायचीय. अनुभव असेल त्यांनी सांगा.

डिझेलदादा_बार्शी
मी दोन जीपांना डिझेल बसवलंय म्हणून बोलतो. ५४० चं इंजिन म्हणजे प्युजोचं, २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. तुझं हरिकेन २१९९ सीसी आणि कंपनी सांगायची ७२-७५, म्हणजे ताकदीसाठी डिझेल टाकतोय असं कुणी म्हणलं तर हसून सोडून दे. फायदा फक्त ॲव्हरेजचा, माझी पेट्रोलवर सात-आठ द्यायची ती आता तेरा देते. पण ते आठ दिवस वगैरे विसर भावा, माझी अडीच महिने गॅरेजमध्ये पडून होती, माउंटिंग तोडून परत वेल्ड केली, इंजिन आणि गिअरबॉक्समधलं बेल हाऊसिंग जमेना, इंजिन जड म्हणून पुढचे पाटे बसले ते वेगळेच. आणि थरथर एवढी की आरशात मागचा ट्रक आहे का म्हैस आहे कळत नाही. रोज शेतावर जाणार असशील तरच कर.

कागद_आधी
डिझेलचा विचार करायच्या आधी आरसी काढून बघा, इंधन पेट्रोल लिहिलंय ना? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिलेल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलंय. गॅरेजवाले म्हणतात सगळेच करतात, पण पासिंगच्या वेळी ते तुमच्यासोबत उभे राहत नाहीत. दुसरं, गाडी ५० वर्षांच्या वर आहे, २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, नंबरात व्हीए येतं, फी २०,००० आणि मुदत १० वर्षं. पण त्याला गाडी मूळ रूपात लागते, इंजिन बदललं की तो दरवाजा बंद. व्हिंटेज केली तर रोज वापरता येत नाही हे पण लक्षात ठेवा.

लेथ_अक्कलकोटरोड
आधी इंजिन उतरव मग ठरव, धूर बघून कुणी इंजिन मारत नाही. तुझ्या तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणच्या नाहीत. धूर चढावर जोर दिल्यावर येतो का ॲक्सिलरेटर सोडल्यावर? सोडल्यावर येत असेल तर इनटेक व्हॉल्व्हचे गाईड गेलेत, कारण हरिकेनला इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, नव्या पोरांना हे माहीत नसतं, ते हेड उघडतात आणि म्हणतात चारच व्हॉल्व्ह कसे बे. टॅपेटची फट इनटेकला १८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६. स्टँडर्ड बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, तीन आणि एकअष्टमांश इंच. सिलिंडर वर-खाली मोजून पाच थाऊच्या वर टेपर (फरक) आला तर नुसत्या रिंगा टाकू नकोस, दोन महिन्यात परत धूर. मेन बेअरिंग तीनच असतात, क्रँक ग्राइंडिंगला माणूस नीट बघ. ऑईल पंप काढायच्या आधी त्याच्या खाचेची खूण करून ठेव, डिस्ट्रिब्युटर त्याच शाफ्टवर फिरतो, पंप एक दात चुकला की टायमिंग गेलं आणि माणूस दिवसभर कार्बोरेटरला शिव्या घालत बसतो.

आणि पाणी उकळतंय म्हणून रेडिएटर बदलू नको अजून. ब्लॉकच्या बाजूचे वॉटर प्लग काढून आत बघ. गाडीत पाणी कुठलं घालत होता?

अपग्रेडच करायचं तर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, रेडिएटरला नळ्यांची एक रांग जादा, आणि पेट्रोलचे सगळे पाईप आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालणारा घाल. आताचं ई-२० जुनं रबर फुगवतं.

डिझेलदादा_बार्शी
स्पीडचं कुणी बोललं नाही. मागच्या ॲक्सलला ५.३८ चा क्राऊन (गिअर) आहे, सहाशे सोळाचे (६.००-१६) टायर असतील तर ८० ला इंजिन ३१०० च्या वर फिरतं. हायवेवर ६० ने जा, कुठलंही इंजिन टाकलं तरी मागचा क्राऊन तोच आहे.

उंच_बॉनेट
उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावर ०४० कोरलंय, म्हणजे आधी कधीतरी सिलिंडर चाळीस थाऊ मोठा बोअर झालाय, वडलांना आठवत नाही. टेपर नऊ थाऊ. धूर जोर दिल्यावरच यायचा. बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या) बेअरिंग शेलला तांबं दिसायला लागलंय. पण खरी गंमत वॉटर प्लगच्या मागे, तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या बाजूला पांढरं गच्च भरलंय, चुनाच, स्क्रूड्रायव्हरने टोचलं की ढेकळं पडतायत. पाणी शेतातल्या बोअरवेलचं, पहिल्या दिवसापासून.

लेथ_अक्कलकोटरोड
बोअरच्या पाण्यानं बोअर खाल्ला, चुन्यानं पाणी फिरेना आणि सिलिंडर तापला. आता साठ थाऊला (०६०) जाऊ नको, भिंत पातळ होईल, ब्लॉकला स्लीव बसवून परत स्टँडर्डला आणू आणि स्टँडर्ड पिस्टन घालू. पण ब्लॉकमधलं पाण्याचं जॅकेट पूर्ण साफ झाल्याशिवाय ब्लॉक आणू नको, मशीनवर चढवणार नाही. क्रँक मोजून सांगतो, घासून किती अंडर (बारीक) जाईल ते. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच घालायचं. गड्ड्याच्या आधी होईल, पण पहिले हजार किलोमीटर तुळजापूर घाट नाही.

उंच_बॉनेट
डिझेल रद्द. मिस्त्री फोन उचलत नाही. वडील सकाळपासून ब्लॉकसमोर पाट टाकून बसलेत, सायकलच्या स्पोकचा आकडा करून जॅकेट कोरतायत. जेवायला चला म्हणलं तर म्हणाले तिसऱ्याचं झालंय, चौथ्याचं राहिलंय.