मदत हवी आहे: शाळेतल्या विभागप्रमुखांसाठी नेतृत्व प्रशिक्षण कसं आखावं?

नमस्कार मंडळी,

मी एका माध्यमिक शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. पुढच्या सत्रापासून आमच्या विभागप्रमुखांचं नेतृत्व प्रशिक्षण आखण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. गणित, विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रे, कला आणि क्रीडा असे विभाग आहेत. सगळे प्रमुख आपापल्या विषयात पक्के आहेत आणि मुलांचे आवडतेही. प्रश्नपत्रिका वेळेवर काढणं, पोर्शन कुठवर आला ते पाहणं, गुणतक्ते भरून घेणं, कुणी रजेवर गेलं तर बदली तास लावणं, यातलं काही अडत नाही.

अडतं ते सहकाऱ्यांच्या शिकवण्याबद्दल बोलायची वेळ आली की. एकाच उत्तराला एका तुकडीत पाचपैकी चार आणि शेजारच्या तुकडीत दोन गुण पडतात. विभागात सगळ्यांना ते माहीत असतं, पण बैठकीत कुणी विषय काढत नाही. एखाद्या शिक्षकाचा वर्ग हातातून निसटतोय हे दिसत असतं, तरी प्रमुख म्हणतात, "मी कसं सांगू, मॅडम? कालपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसत होतो." मला त्यांचं हे म्हणणं मनापासून पटतं. शिकवणं चांगलं म्हणून आपण त्यांना प्रमुख केलं, पण शिकवणाऱ्याशी त्याच्या शिकवण्याबद्दल कसं बोलायचं हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नाही.

मागे बाहेरच्या एका संस्थेची कार्यशाळा झाली होती. नेतृत्वाच्या शैली, संघभावनेचे खेळ, शेवटी प्रमाणपत्रं. सगळे खूश होते, पण विभागांच्या बैठकांत त्यानंतर काही बदललं नाही. त्या कार्यशाळेत आमच्या शाळेतला एकही खरा प्रसंग चर्चेला आला नव्हता, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

थोडं वाचन केलं. शालेय नेतृत्वावर संशोधन करणाऱ्या विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचं २००८ सालचं विश्लेषण बरंच उपयोगी वाटलं. नेतृत्वाच्या पाच प्रकारच्या कामांचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो हे त्यांनी तपासलं. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं, याच्या परिणामाचं माप (आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त) सर्वांत मोठं, ०.८४ आलं. सुरक्षित आणि शिस्तीचं वातावरण राखण्याचं ०.२७ होतं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून शाळांतल्या मधल्या फळीसाठीची, म्हणजे विभागप्रमुखांसारख्यांसाठीची, जुनी एकच व्यावसायिक पात्रता (प्रशिक्षण घेऊन मिळणारी) बंद करून अध्यापनाचं नेतृत्व, शिक्षकांचा विकास आणि वर्तन व शालेय संस्कृती अशा वेगवेगळ्या पात्रता आल्या. म्हणजे 'नेतृत्व' असं मोघम शिकवण्यापेक्षा नेमकं काम शिकवण्याकडे कल दिसतो.

माझा कच्चा आराखडा असा आहे. वर्षभर, दर पंधरवड्याला सगळ्या प्रमुखांना वेळापत्रकातच एकत्र मोकळे तास द्यायचे. आधी सहकाऱ्याचा तास पाहणं आणि त्यावर बोलणं, मग उत्तरपत्रिका एकत्र तपासणं, शेवटी विभागाची बैठक कशी घ्यायची ते. शंका मात्र बऱ्याच आहेत. अवघड संभाषणाचा सराव घ्यायचा कसा, की ते नाटक वाटू नये? प्रमुखांनी पाहिलेल्या तासांचा वार्षिक मूल्यमापनाशी संबंध ठेवावा का? आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे ओळखायचं कशावरून? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

प्रतिसाद १

मॅडम, मी विज्ञान विभाग सांभाळला आहे, म्हणून फक्त सरावाबद्दल लिहितो.

तिघातिघांचे गट करा. एक प्रमुख, एक शिक्षक, आणि तिसऱ्याने प्रमुख जे बोलेल ते शब्दशः लिहून घ्यायचं, मत द्यायचं नाही. नंतर तो कागद दोघांनी वाचायचा आणि तेच संभाषण लगेच पुन्हा करायचं. हे 'पुन्हा' गाळू नका, खरं शिकणं तिथेच होतं. पहिल्या वेळी बहुतेक जण म्हणतात, "तास छान झाला, फक्त मुलांचा सहभाग जरा वाढवा." यातून समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या वेळी तोच माणूस म्हणतो, "तुम्ही नऊ प्रश्न विचारलेत, त्यातली सात उत्तरं पहिल्या दोन बाकांवरून आली. मागच्या मुलांना कितपत कळलं असेल?" आता बोलायला काहीतरी आहे, आणि कुणाचा अपमानही झाला नाही.

जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली, प्रश्न विचारत मार्गदर्शन करण्याची 'ग्रो' (GROW) पद्धत बऱ्याच प्रशिक्षणांत शिकवतात. उद्दिष्ट काय, सध्या काय चाललंय, पर्याय कोणते, आणि नक्की काय करणार, असा तिचा क्रम. अनुभवी शिक्षकाशी बोलताना ती उत्तम चालते. नवख्याला मात्र नुसते प्रश्न विचारत बसू नये. त्याला पर्याय माहीतच नसतात, त्याला करून दाखवावं लागतं.

प्रतिसाद २

मूल्यमापनाशी संबंध अजिबात ठेवू नका. त्या नोंदींवरून वार्षिक शेरा ठरणार असं एकदा कळलं, की शिक्षक ठेवणीतला धडा काढतात आणि रोजचा तास कधीच दिसत नाही. नोंदींचा कागद शिक्षकाकडेच राहू द्या. तुम्ही उपमुख्याध्यापिका म्हणून तो मागणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा.

सुरुवात प्रमुखांनी स्वतःचा वर्ग उघडून करावी. जपानमधल्या पाठ-अभ्यासात धडा सगळे मिळून आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे पाहतात. चर्चा धड्याची होते, शिकवणाऱ्याची नाही. संकोच घालवायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. मोकळ्या तासांची कल्पना सोडू नका. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलेलं प्रशिक्षण पहिल्या परीक्षेपर्यंतही टिकत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नऊ प्रश्नांचं उदाहरण तर मी जसंच्या तसं वापरणार आहे. एक पोटप्रश्न विचारते. आमच्या भाषा विभागाच्या प्रमुख वयाने बऱ्याच लहान आहेत आणि त्यांच्या हाताखाली ज्येष्ठ शिक्षक आहेत. तास पाहायला जाणंच त्यांना उद्धटपणाचं वाटतं. त्यांनी कुठून सुरुवात करावी?

प्रतिसाद ३

ताई, त्यांच्यासाठी तुमचा क्रम उलटा करा. आधी उत्तरपत्रिका, मग वर्ग.

चार-पाच उत्तरपत्रिका नावं झाकून झेरॉक्स करा. प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत, मग सगळे आकडे एकदम फळ्यावर लिहावेत. फरक फळ्यावरच दिसतो, तो प्रमुखांना तोंडाने सांगावा लागत नाही. मग प्रश्न इतकाच उरतो की चार गुणांचं उत्तर कसं असतं. इथे ज्येष्ठांचा अनुभव खरोखर लागतो आणि त्यांनाही मान मिळतो. तिथून "तुमच्या तुकडीला हा प्रश्न चांगला जमलाय, तो कसा शिकवलात ते मला पाहू द्याल का?" असं विचारणं सहज होतं. पहिली भेट शिकायला गेल्याची असली की पुढच्या भेटी अवघड जात नाहीत.

मुख्याध्यापकांचं कामही आहे. प्रमुख कोणते निर्णय स्वतः घेऊ शकतात हे त्यांनी शिक्षकसभेत सांगायला हवं. प्रमुखांनी ठरवलेलं वरून बदललं गेलं, तर कितीही प्रशिक्षण द्या, उपयोग होणार नाही.

०.८४ या आकड्याबद्दल एक सावधगिरी. ती पाच कामांची तुलना १२ अभ्यासांवर उभी आहे आणि त्यांचा भर मुख्यतः मुख्याध्यापकांवर होता. दिशा म्हणून तो घ्या, विभागप्रमुखांसाठीचा पुरावा म्हणून नको. उपयोग मोजायचा तर प्रशिक्षणाचा उपयोग तपासण्याचे कर्कपॅट्रिक यांचे चार टप्पे धरा: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. अभिप्रायाचे फॉर्म पहिल्याच टप्प्याचं उत्तर देतात. तुम्ही तिसरा धरा. विभागाच्या बैठकांची इतिवृत्तं सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची शेजारी ठेवून वाचा. सूचनाच जास्त आहेत की शिकवण्यावरची चर्चाही आली आहे, ते लगेच कळेल.

धागाकर्ती

हे फार उपयोगी आहे. आता क्रम बदलते: पहिल्या सत्रात सगळ्याच विभागांत उत्तरपत्रिका, दुसऱ्यात प्रमुखांचे स्वतःचे वर्ग खुले करणं आणि तिघांच्या गटातला सराव, त्यानंतर सहकाऱ्यांचे तास. अधिकारांबद्दल मुख्याध्यापकांशी याच आठवड्यात बोलते. इतिवृत्तं आमच्याकडे आहेतच, तीही काढून ठेवते.

आणखी एक मदत हवी आहे. सरावासाठी खरे प्रसंग लागतील, आणि आमच्याच शाळेतले घेतले तर कोण ते सगळे ओळखतील. आपापल्या विभागातला एखादा अवघड प्रसंग, नाव-गाव काढून, चार-पाच ओळींत इथे लिहाल का? शिक्षक काय म्हणाले आणि प्रमुख कुठे अडले, एवढं असलं तरी पुरे. कला आणि क्रीडा विभागातले प्रसंग मिळाले तर विशेष आनंद होईल, कारण तिथे उत्तरपत्रिका नसतात आणि सुरुवात कशाने करावी हे मला अजून सुचलेलं नाही.